कामात अर्थ सापडला म्हणून शिक्षक शाळेत टिकतो का?

एका मुख्याध्यापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या शाळेतले चांगले शिक्षक थकलेले दिसतात, काही वर्षांतच राजीनामे देतात, आणि जे राहतात त्यांपैकी काहींचे शाळेत मन नसते. व्यवस्थापनाने यावर उपाय म्हणून ‘आध्यात्मिक बुद्धिमत्ता’, म्हणजे जीवनाचा आणि रोजच्या अनुभवांचा अर्थ शोधण्याची क्षमता, वाढवणारी कार्यशाळा सर्व शिक्षकांना सक्तीची करण्याचे ठरवले आहे. अशी बुद्धिमत्ता असलेल्या शिक्षकांना भावनिक श्रमांचा, म्हणजे कामासाठी भावना आवरण्याच्या आणि दाखवण्याच्या श्रमांचा, ताण कमी जाणवतो आणि त्यांची संस्थेशी बांधिलकी अधिक असते, असे अभ्यासांतून दिसते, हा त्यामागचा आधार. हे कितपत खरे आहे, कार्यशाळा घ्यावी का, आणि वर्षाअखेरीस तिचा परिणाम कसा पाहावा, असे त्यांनी विचारले आहे.

शिक्षकांच्या समुपदेशनाचे आणि प्रशिक्षणाचे काम मी दीर्घकाळ करत आले आहे, म्हणून निष्कर्ष आधीच सांगते. आपल्या कामाचा अर्थ ज्याला स्वतःशी स्पष्ट सांगता येतो, त्या शिक्षकाचा भावनिक थकवा काही प्रमाणात खरोखरच कमी होतो. मात्र हा अर्थ त्याला प्रथम मुलांशी आणि अध्यापनाशी बांधतो, शाळा या संस्थेशी नव्हे. तिथपर्यंतचे अंतर संस्थेने स्वतःच्या वागणुकीने भरून काढायचे असते, आणि ते भरले गेले नाही तर अर्थ सापडलेला शिक्षक इतरांपेक्षा आधी निघून जातो, असेही घडते. व्यवस्थापनाच्या आराखड्यात नेमका हाच दुवा गृहीत धरलेला आहे.

भावनिक श्रम ही कल्पना समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 साली मांडली. विमानातील हवाई सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांच्या कामाचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की काही नोकऱ्यांमध्ये चेहरा, आवाज आणि मनातली भावना यांचे नियमन हाही पगाराच्या मोबदल्यात द्यायच्या कामाचा भाग असतो. हवाई सेविकेने हसतमुख राहायचे आणि वसुली कर्मचाऱ्याने धाक वाटेल असे बोलायचे, हे दोघांनाही शिकवले जाते आणि त्यावर देखरेखही असते. डॉक्टर, वकील यांसारख्या व्यवसायांत मात्र भावनांवर लक्ष ठेवणारा पर्यवेक्षक जवळ उभा नसतो. व्यवसायातले अलिखित संकेत आणि समोरच्याच्या अपेक्षा लक्षात घेऊन ही देखरेख माणूस स्वतःच स्वतःवर करतो, असेही त्यांनी नोंदवले आहे. शिक्षक याच दुसऱ्या गटात मोडतो. वर्गाचे दार बंद झाल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे पाहणारा अधिकारी कुणी नसतो, पण ‘शिक्षकाने असे वागू नये’ हे बजावणारा आवाज आतून अखंड चालू असतो. त्यामुळे शाळा सुटली तरी ही देखरेख थांबत नाही. घरी गेल्यावर दिवसातला एखादा प्रसंग मनात पुन्हा पुन्हा घोळवत बसणे हा शिक्षकांकडून मी सर्वाधिक ऐकलेला अनुभव आहे.

शिक्षकाचे भावनिक श्रम हवाई सेविकेपेक्षा आणखी एका बाबतीत वेगळे आहेत. प्रवासी काही तासांत उतरून जातो. विद्यार्थी वर्षभर, कधी अनेक वर्षे, समोर असतो. इतक्या दीर्घ सहवासात बेगडी हसू लपत नाही. बाई मनापासून कौतुक करत आहेत की नुसते म्हणायचे म्हणून, हे लहान मुलेही अचूक ओळखतात. शिवाय शिक्षकाला एकच एक भावना दाखवून भागत नाही. एका तासाला दंगा करणाऱ्या वर्गापुढे मनात नसलेला राग दाखवावा लागतो, पुढच्या तासाला मनात असलेला राग गिळून परीक्षेच्या भीतीने रडणाऱ्या मुलीला धीर द्यावा लागतो, आणि या दोन्हींमध्ये केवळ घंटा वाजण्याइतकी उसंत असते. नावडत्या विद्यार्थ्याकडे आवडत्याइतकेच लक्ष देणे, पालकसभेत आरोप ऐकूनही स्वर न चढू देणे, आणि एखाद्या मुलावर घरी अत्याचार होत असल्याची शंका आली तर ती त्याच्यासमोर चेहऱ्यावर न दाखवता योग्य ठिकाणी पोहोचवणे, ही सारी याच श्रमांची रूपे आहेत. कामाच्या वेळापत्रकात त्यांची नोंद कुठेही होत नाही.

हे श्रम करण्याच्या दोन पद्धती हॉकशिल्ड यांनी सांगितल्या. आत एक वाटत असताना बाहेर दुसरे दाखवणे हा वरवरचा अभिनय. आणि जे दाखवायचे आहे ते खरोखर वाटावे म्हणून प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलणे हा सखोल अभिनय. पुढे ब्लेक अॅशफोर्थ आणि रोनाल्ड हम्फ्री यांनी 1993 मध्ये लक्षात आणून दिले की काही वेळा योग्य भावना आपोआपच मनात असते आणि ती फक्त व्यक्त होते. जेम्स डायफेनडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ही तिसरी पद्धत पहिल्या दोन्हींपासून वेगळी असल्याचे दाखवले. शिक्षकांच्या बाबतीत ही तिसरी पद्धत विसरून चालणार नाही, कारण मुलाला एखादी गोष्ट समजली की शिक्षकाला होणारा आनंद बहुतेक वेळा अस्सल असतो, आणि तो वारंवार वाट्याला येणे हीच या नोकरीतली सर्वात मोठी भरपाई असते.

या पद्धतींची किंमत सारखी नसते. यूटे हुल्शेगर आणि अॅना शेवे यांनी तीन दशकांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वरवरच्या अभिनयाचा संबंध थकवा, तणाव आणि कामातील असमाधान यांच्याशी स्पष्टपणे आढळला. सखोल अभिनयाचा असा घातक संबंध दिसला नाही, उलट कामाच्या दर्जाशी त्याचे नाते अनुकूल होते. याचे कारण समजून घ्यायला मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांचे भावनानियमनावरील संशोधन उपयोगी पडते. भावना पूर्ण उसळल्यावर तिचे बाह्य रूप दाबणे हे उशिरा केलेले नियमन आहे, कारण आतली खळबळ तशीच राहते आणि तिच्यावर सतत झाकण धरून ठेवावे लागते. प्रसंगाचा अर्थ आधीच वेगळा लावला तर भावना वेगळीच उमटते आणि दाबण्यासारखे फारसे उरत नाही. जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांच्या 2000 सालच्या प्रयोगांत असेही दिसले की भावना दाबून ठेवणाऱ्यांना त्या वेळी घडलेले तपशील कमी आठवतात, तर अर्थ बदलून पाहणाऱ्यांच्या स्मरणावर तसा परिणाम होत नाही. वर्गात याचे मोल मोठे आहे, कारण राग गिळण्यात गुंतलेल्या शिक्षकाचे लक्ष नेमके तेव्हाच मुलांवरून उडालेले असते.

आता आध्यात्मिक बुद्धिमत्तेकडे वळू. ही कल्पना दाना झोहर यांच्या लेखनातून 1990 च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली आणि झपाट्याने लोकप्रिय झाली. रॉबर्ट एमन्स यांनी 2000 साली तिची मानसशास्त्रीय मांडणी केली. बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडणारे हॉवर्ड गार्डनर यांनी मात्र ती स्वीकारली नाही. त्यांच्या मते अस्तित्वाविषयीच्या मूलभूत प्रश्नांवर विचार करण्याच्या क्षमतेबद्दल फार तर बोलता येईल, पण अध्यात्मातील अनुभव आणि श्रद्धा यांना बुद्धिमत्ता म्हणता येणार नाही. मला गार्डनर यांची हरकत रास्त वाटते. तरीही ज्या गोष्टींना हे नाव दिले जाते त्यांतल्या काही शिक्षकाच्या कामाच्या आहेत, म्हणून नावावर अडून न बसता त्या गोष्टींकडे पाहिलेले बरे.

डेव्हिड किंग यांनी 2008 साली कॅनडात तयार केलेली 24 विधानांची प्रश्नावली या क्षेत्रात बरीच वापरली जाते. ती चार क्षमता मोजते: अस्तित्व, जीवन, मृत्यू यांविषयी चिकित्सकपणे विचार करणे, रोजच्या अनुभवांतून, अपयशातूनसुद्धा, वैयक्तिक अर्थ निर्माण करणे, स्वतःपलीकडच्या व्यापक वास्तवाची जाणीव ठेवणे, आणि ध्यानासारख्या चित्तावस्थेत स्वेच्छेने जाता येणे. धार्मिकतेपासून ही कल्पना त्यांनी वेगळी ठेवली आहे. माझ्या अनुभवात शिक्षकाच्या उपयोगी सर्वाधिक पडते ती दुसरी क्षमता, अर्थ निर्माण करण्याची. तिसरी आणि चौथी ज्यांना साधते त्यांना त्यातून विसावा मिळतो हे खरे, पण वर्गात प्रसंग घडत असताना ध्यानाला बसता येत नाही.

अर्थनिर्मिती आणि सखोल अभिनय यांचा सांधा कुठे जुळतो, हे उदाहरणाने सांगते. नववीतला एक मुलगा सर्वांसमोर शिक्षिकेला उद्धटपणे म्हणतो, “तुम्हाला शिकवता येत नाही.” हा माझा अपमान आहे, असा अर्थ लागला तर राग येणारच, आणि तो चेहऱ्यावर येऊ न देण्यासाठी वरवरचा अभिनय करावा लागणार. या मुलाला धडा समजलेला नाही आणि ते कबूल करण्याची त्याला लाज वाटते, असा अर्थ लागला तर राग सौम्य होतो आणि त्याच्याकडे वळून पाहणे शक्य होते. असा अर्थ ऐनवेळी सुचण्यासाठी त्याची तयारी आधीपासून झालेली असावी लागते. मी इथे का आहे, या मुलांचे मी काय देणे लागतो, त्यांच्या वागण्यातले किती माझ्याविषयी असते आणि किती त्यांच्या स्वतःच्या धडपडीविषयी, या प्रश्नांवर ज्याने शांतपणे विचार केलेला असतो, त्याला तो अर्थ क्षणात हाताशी येतो. आध्यात्मिक बुद्धिमत्ता आणि कमी थकवा यांच्यात जो संबंध दिसतो, त्याचा मोठा भाग इतक्या साध्या मार्गाने होत असावा, असे माझे मत आहे.

या मार्गावर एक धोका आहे आणि तो कार्यशाळांमध्ये फार दिसतो. “मला आता रागच येत नाही,” असे सांगणारे शिक्षक मला भेटतात, आणि थोडे खोलवर विचारले की कळते की राग येतो, पण तो येणे आपल्या प्रगतीला शोभत नाही म्हणून ते तो स्वतःपासूनही लपवतात. हा वरवरचाच अभिनय असतो. प्रेक्षक फक्त बदललेला असतो. त्याची किंमत नेहमीच्या अभिनयापेक्षा जास्त पडते, कारण थकल्याचे कबूल करण्याची मुभाही उरत नाही. शांत राहण्याची अपेक्षा व्यवस्थापनाकडून आली असेल, तर हा परिणाम जवळजवळ ठरलेलाच समजावा.

अभ्यासांतून जे आकडे पुढे केले जातात त्यांविषयी एक सावधगिरी बाळगावी. या विषयावरील बहुतेक पाहण्यांमध्ये एकाच शिक्षकाकडून, एकाच वेळी, एकाच कागदावर आध्यात्मिक बुद्धिमत्ता, भावनिक श्रम आणि बांधिलकी या तिन्हींविषयीची उत्तरे घेतलेली असतात. स्वतःविषयी चांगले बोलण्याची सवय किंवा त्या दिवशीची मनःस्थिती तिन्ही उत्तरांत एकाच दिशेने उतरते आणि संबंध आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो. कशामुळे काय झाले हेही त्यातून ठरत नाही. चांगल्या शाळेत रमलेल्या शिक्षकाला आयुष्य अर्थपूर्ण वाटत असेल, तर अर्थामुळे तो रमला की रमल्यामुळे अर्थ वाटू लागला?

आता बांधिलकी. जॉन मेयर आणि नॅटली अॅलन यांनी 1991 मध्ये तिचे तीन घटक मांडले: संस्था आपली वाटते म्हणून राहणे, सोडल्यास नुकसान होईल किंवा दुसरा पर्याय नाही म्हणून राहणे, आणि राहणे हे आपले कर्तव्य आहे असे वाटते म्हणून राहणे. शाळेच्या नोंदवहीत तिघेही ‘टिकलेले शिक्षक’ असतात, पण वर्गात त्यांच्यात फार अंतर असते. मेयर आणि सहकाऱ्यांच्या 2002 सालच्या एकत्रित आढाव्यात पहिल्या प्रकारच्या बांधिलकीचा कामाच्या दर्जाशी, हजेरीशी आणि परस्पर साहाय्याशी अनुकूल संबंध दिसतो, तर केवळ पर्याय नाही म्हणून राहण्याचा कामाच्या दर्जाशी असा अनुकूल संबंध दिसत नाही. म्हणून नुसते राजीनामे थांबवणे हे ध्येय अपुरे आहे. नाइलाजाने थांबलेला शिक्षक दिवसभर वरवरचा अभिनय करत राहतो, आणि त्यातून येणारी अलिप्तता मुलांच्या वाट्याला येते. क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउटच्या, म्हणजे कामाच्या ताणाने माणूस पार खचून जाण्याच्या, वर्णनात भावनिक थकव्याच्या जोडीने माणसांविषयी येणारी ही कोरडेपणाची भावना ठेवली आहे, ती उगीच नव्हे.

मेयर यांच्या त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट आहे आणि व्यवस्थापनाने ती सर्वात आधी वाचावी. संस्थेविषयीच्या आपलेपणाला कारणीभूत ठरू शकणाऱ्या घटकांपैकी त्याच्याशी सर्वात घट्ट संबंध आढळला तो ‘संस्था माझी कदर करते आणि माझ्या हिताची काळजी घेते’ या कर्मचाऱ्याच्या समजुतीचा. कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक गुणांचा क्रमांक त्यानंतर लागतो.

अर्थ सापडलेला माणूस संस्थेला कसे जोखतो, याचा एक उत्तम अभ्यास शिक्षकांवर नव्हे, तर प्राणिसंग्रहालयातील कर्मचाऱ्यांवर झाला आहे. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांनी तो 2009 मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना प्राण्यांची देखभाल हे आपले जीवितकार्य वाटत होते, त्यांना काम अधिक अर्थपूर्ण आणि महत्त्वाचे वाटत होते आणि त्यासाठी वेतन, वेळ, सुखसोयी यांचा त्याग करायची त्यांची तयारी होती. त्याचबरोबर व्यवस्थापन प्राण्यांविषयीचे आपले कर्तव्य पाळते की नाही, याकडेही ते अधिक संशयाने पाहत होते, आणि त्यांच्या त्यागाच्या तयारीचा गैरफायदा घेतला जाण्याचा धोकाही त्यांच्याच बाबतीत अधिक होता. शिक्षकांमध्ये मला हेच तिन्ही धागे दिसतात. मनापासून शिकवणारी शिक्षिका जादा तास घेते, सुटीत मुलांना बोलावते, आणि कालांतराने ते तिचे औदार्य न राहता शाळेचा हक्क होऊन बसतो. मग एखाद्या दिवशी शाळेने निकालाच्या टक्केवारीसाठी कच्च्या मुलांना परीक्षेला न बसू देण्याचे ठरवले, तर सर्वात आधी तिचेच मन उडते, कारण तिने शोधलेल्या अर्थावरच तो घाव असतो. ज्याला या नोकरीत काहीच अर्थ वाटत नाही, तो असा निर्णय सहज पचवतो.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे नेमके उत्तर असे की आध्यात्मिक बुद्धिमत्ता भावनिक श्रमांची पद्धत बदलून थकवा कमी करू शकते, पण शिक्षकाचे संस्थेविषयीचे मत ती गोड करत नाही; झालेच तर ते अधिक परखड करते. शाळेची मूल्ये आणि कारभार यांचा मेळ असेल तर असे शिक्षक शाळेचा कणा बनतात. मेळ नसेल तर त्यांच्या मनातला अर्थ वाढवून त्यांना थांबवता येणार नाही.

कार्यशाळा घ्यावी का, याविषयी माझे मत असे आहे की सक्तीने अजिबात घेऊ नये. जीवनाचा अर्थ, श्रद्धा, मृत्यू या विषयांवर वरिष्ठांच्या देखत बोलायला लावणे हे स्वतःच एक नवे भावनिक श्रम आहे. शिक्षक तिथेही अपेक्षित चेहरा धारण करून बसतील. ऐच्छिक असेल, कोणत्याही एका धर्माच्या उपासनेला बांधलेली नसेल, आणि तिथे बोललेले काहीही मूल्यमापनाच्या कागदात येणार नाही याची हमी असेल, तर जरूर घ्यावी. किंग यांच्या प्रश्नावलीचे गुण भरतीसाठी किंवा बढतीसाठी वापरू नयेत. स्वतःविषयीच्या विधानांना होकार देऊन मिळणारे ते गुण आहेत, आणि नोकरी पणाला लागल्यावर कुणीही ते हवे तितके मिळवू शकतो.

व्याख्यानांपेक्षा मला शिक्षकांचे छोटे गट अधिक उपयोगी वाटतात. पाच-सहा शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र बसावे, प्रत्येकाने वर्गातला एक अवघड प्रसंग सांगावा, आपल्याला काय वाटले आणि आपण काय दाखवले हे दोन्ही सांगावे, आणि इतरांनी सल्ला न देता त्या प्रसंगाचे आणखी कोणते अर्थ लागू शकतात ते सुचवावे. सल्ला न देणे हेच सर्वात कठीण जाते. शिक्षकांची ती सवयच असते. मुख्याध्यापकांनी या गटात बसू नये, त्याची वेळ मात्र शाळेच्या तासांतच काढून द्यावी. ज्या शाळा हा गट सुटीनंतर ठेवतात तिथे तो फार टिकत नाही, आणि शिक्षकांच्या भावनांना शाळेच्या लेखी किती किंमत आहे हेही त्यातून सर्वांना कळून जाते.

बाकीची कामे व्यवस्थापनाची आहेत. तीव्र प्रसंगानंतर, म्हणजे मारामारी, पालकाचा आरडाओरडा किंवा एखाद्या मुलाविषयीची दुःखद बातमी यानंतर, त्या शिक्षकाचा पुढचा तास दुसऱ्या कुणी घ्यावा आणि ही सोय मागावी न लागता मिळावी. पालकांच्या तक्रारीत शिक्षकाची बाजू ऐकल्याशिवाय त्याच्या देखत पालकांची माफी मागितली जाऊ नये. शिक्षक चुकला असेल तर ते त्याला एकांतात सांगता येते. स्टाफरूममध्ये चेहरा सैल सोडण्याची मुभा असावी, तिथे वरिष्ठांची वर्दळ आणि कॅमेरा नसावा. कुणी काय दाखवावे याचे संकेत स्पष्टपणे बोलले जावेत, कारण ‘नेहमी हसतमुख राहा’ अशी मोघम अपेक्षा वरवरचा अभिनयच वाढवते. ‘मला आता राग आला आहे, आपण उद्या बोलू’ असे शिक्षकाने विद्यार्थ्याला शांतपणे सांगणे चालते, हे शाळेने उघडपणे मान्य केले तरी पुष्कळ ओझे उतरते. आणि ज्या कागदपत्रांचा शिकवण्याशी काही संबंध नाही, त्यांतली जितकी कमी करता येतील तितकी करावीत. अर्थ शोधायला लावून सारा वेळ निरर्थक कामात घालवायचा, यातली विसंगती शिक्षकांच्या नजरेतून सुटत नाही.

आपण शेवटी विचारले आहे की वर्षाअखेरीस परिणाम कसा पाहावा. कार्यशाळेनंतर लगेच भरून घेतलेल्या अभिप्रायांवर विसंबू नये. दोन गोष्टी पाहाव्यात. अवघड प्रसंग घडल्यावर शिक्षक स्वतःहून आपल्याकडे किंवा सहकाऱ्यांकडे येऊ लागले आहेत का; सुरुवातीला अशा तक्रारी वाढल्या तर ते चांगले लक्षण समजावे, कारण पूर्वी त्या झाकल्या जात होत्या. दुसरे, सोडून जाणाऱ्या शिक्षकाशी संस्थेबाहेरच्या तटस्थ व्यक्तीने, त्याचा अखेरचा हिशेब आणि अनुभवाचे प्रमाणपत्र हातात पडल्यानंतर, सविस्तर बोलावे आणि तो अध्यापन सोडतो आहे की फक्त ही शाळा, हे विचारावे. अध्यापन सोडणाऱ्यांची संख्या कमी होऊन शाळा सोडणाऱ्यांची तशीच राहिली, तर शिक्षकांच्या अंतर्मनावर आणखी खर्च न करता व्यवस्थापनाच्या पुढच्या बैठकीत कारभाराचा विषय घ्यावा लागेल.